थोरलीचं गुपित, धाकटीचं मीठ

बाई : तुझी कादंबरी वाचून झाली. आधी तक्रार सांगते. कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्या दोन बहिणी, थोरली सतरा वर्षांची, धाकटी चौदाची. थोरलीचा जीव जडतो तो पाण्याखालच्या लोकातल्या एका मुलावर. धाकटीला जन्मापासून एक विलक्षण देणगी आहे, कुणी खोटं बोललं की तिच्या जिभेवर मीठ येतं. इथवर मी पोथी खाली ठेवली नाही. पण शेवटच्या प्रकरणात गौरीच्या जागरणाला थोरली भर अंगणात सगळं खरं सांगते, आणि अर्ध्या पानात आई डोळे पुसते, बाप पाठीवर हात ठेवतो, पाण्यातला मुलगा माणूस होऊन ओटीवर येऊन बसतो. त्या पानाला तुझ्या धाकटीच्या जिभेवर मीठ यायला हवं होतं. रोह्यात नाहीतर पेणला कुठल्याही आळीत सतरा वर्षांच्या मुलीनं घरी असं काही सांगितलं तर पुढच्या आठवड्यात काय होतं ते तुला माहीत आहे आणि मलाही. मोबाइल काढून घेतात. कॉलेजला भाऊ सोडायला आणि आणायला येतो. परीक्षा संपायच्या आत कांदेपोह्यांचे कार्यक्रम सुरू होतात. मी पेणच्या शाळेत मराठी शिकवत होते, दहावीला पहिल्या बाकावर बसणाऱ्या मुली बारावीच्या परीक्षेला न आलेल्या मी पाहिल्या आहेत. अशा मुलींना तू सांगतेस की खरं बोला, सगळं नीट होईल. ही हमी कुणाच्या जोरावर देतेस?

लेखिका : हमी देत नाही, बाई. दिवा–रोहा गाडीत संध्याकाळी कॉलेजच्या मुली बसलेल्या असतात. कासूच्या आसपास नेट गेलं की त्यांचे चेहरे बघा. प्रतिलिपी या वाचनाच्या ॲपवर कुठल्याशा मालिकेचा पुढचा भाग उघडता उघडत नाही म्हणून जीव कासावीस झालेला असतो. त्यांतल्या कितीतरी मालिका त्यांच्याच वयाच्या मुलींनी लिहिलेल्या असतात, दुपारी, घरातली कामं आटोपून. या मुलींना घरी काय होतं हे मी सांगायला नको. ते त्यांना रोजच दिसतं. त्या गोष्टीकडे येतात ते जे कधी दिसलं नाही ते एकदा बघायला. आणि तुमचा आक्षेप आजचा नाही. ‘मुक्तामाला’ ही कादंबरी आली 1861 मध्ये, ‘मंजुघोषा’ 1868 मध्ये. राजकन्या, विरह, अद्भुत योगायोग, शेवटी मीलन. लोकांनी त्या हौसेनं वाचल्या. 1872 मध्ये काशिनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी नॉव्हेल आणि नाटक यांवर निबंध लिहून असल्या लेखनाला धारेवर धरलं. आणि 1902 मध्ये इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्या कागदपत्रांत बुडालेल्या माणसानं ‘कादंबरी’ या निबंधात अद्भुताची बाजू घेतली. पुराव्याशिवाय एक वाक्य न लिहिणाऱ्या माणसाला अद्भुताची गरज कळली होती. मग गाडीतल्या मुलीनं काय पाप केलंय?

बाई : तू मला मराठ्यांच्या बाकावर बसवू नकोस. माझं भांडण राजकन्येशी नाही, पाण्याखालच्या राज्याशीही नाही. अद्भुत कितीही असो, माणसाबद्दल खोटं असू नये एवढंच म्हणते. आदिपर्वातली कद्रू आणि विनता घे. सख्ख्या बहिणी, एका नवऱ्याच्या दोन बायका. उच्चैःश्रव्याची शेपटी काळी की पांढरी यावर पैज लागते. जी हरेल ती दुसरीची दासी. शेपटी पांढरीच असते, म्हणून कद्रू आपल्या सर्पपुत्रांना सांगते, जा, काळे केस होऊन शेपटीला लटका. जे मुलगे या खोटेपणाला नकार देतात त्यांना आई शाप देते की जनमेजयाच्या यज्ञात जळून मराल. उरलेले घाबरून लटकतात. विनता दासी होते, आणि तिची सुटका करायला गरुडाला स्वर्गातून अमृत आणावं लागतं. यात एक तरी गोष्ट शक्य कोटीतली आहे का? तरी बहिणीबहिणींतलं खोटं घर कसं पोखरतं आणि खरं धरून बसणाऱ्या मुलांना त्याची शिक्षा कशी होते, ते सगळं जिथल्या तिथे आहे. तुझ्या गोष्टीत पाणी अद्भुत आहे ते ठीक. पण तुझा बापही अद्भुत आहे, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

लेखिका : जुन्या गोष्टींत खरं बोलणाऱ्या मुलीचं काय होतं ते मीही वाचलंय. अंबा! भीष्म तिघी बहिणींना रथात घालून हस्तिनापूरला आणतात. अंबा सरळ सांगते की माझं मन शाल्वावर जडलंय. इथं लोक एक गोष्ट विसरतात. भीष्म तिचं ऐकतात आणि तिला मानानं परत पाठवतात. म्हणजे पहिल्या दारात तिचं खरं बोलणं वाया गेलं नाही. दार लावून घेतलं ते शाल्वानं, ज्याच्यासाठी ती बोलली त्यानं. तरी मुलींना ही गोष्ट सांगताना त्यातून एकच धाक घातला जातो की बोललीस तर ना इकडची ना तिकडची होशील. मला मात्र त्या रथाचं कुतूहल आहे. अंबा, अंबिका, अंबालिका. काशीहून निघालेल्या, तिघींच्या पायाखालची जमीन एकाच दिवशी सरकलेली. त्या एकमेकींशी काय बोलल्या? अंबेनं शाल्वाबद्दल धाकट्यांना आधीच सांगितलं होतं का? त्या दोघींना माहीत असून त्या गप्प बसल्या, की त्यांनाही दरबारात उभं राहूनच कळलं? महाभारत ते सांगत नाही. माझ्या पिढीच्या या कादंबऱ्या त्या रथात चढून बसतात. म्हणून त्या मला प्रिय आहेत. त्यांत राजपुत्र असतोच, पण गोष्टीचा कणा पुष्कळदा दोन बहिणी असतात. 2013 चा ‘फ्रोझन’ आठवा. आईबापांच्या सांगण्यावरून थोरली आपली शक्ती लपवते, धाकटी वर्षानुवर्षं बंद दारावर टकटक करत राहते, आणि शेवटी शाप उतरतो तो राजपुत्राच्या चुंबनानं नाही, तर एका बहिणीनं दुसरीसाठी जीव पुढे केल्यानं. लहान मुलींनी ते पाहिलं. आता त्या सोळा-सतराच्या आहेत आणि मोठ्या झालेल्या बहिणींची गोष्ट मागताहेत.

बाई : मग तीच लिही ना! तू नेमकी ती लिहीत नाहीस, हेच माझं दुखणं आहे. तुझ्या हस्तलिखितातलं सगळ्यात सुंदर पान कुठलं सांगू? आई विचारते, ताई कुठाय? आणि धाकटी म्हणते, मैत्रिणीकडे अभ्यासाला गेलीय. त्या क्षणी तिला पहिल्यांदा स्वतःच्याच खोट्याचं मीठ लागतं. ती माठातलं पाणी पिते, पुन्हा पिते, गूळ खाते, मीठ जात नाही. रात्री थोरली आनंदानं फुलून येते, तिच्या केसांना खाडीचा वास असतो, ती हिच्या कुशीत शिरून सगळं सांगू लागते आणि धाकटीला ते ऐकूच येत नाही, कारण तोंड नुसतं खारट झालेलं असतं. हे तू लिहिलंस ते कुठून लिहिलंस मला ठाऊक आहे. खारेपाटातल्या आजोळी तू उन्हाळ्यात पाण्यासाठी बायकांना टँकरची वाट बघताना पाहिलंयस. समुद्र उशाशी आणि प्यायला थेंब नाही, हे तुला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. पण या पानानंतर धाकटी गायब होते. नंतर ती फक्त चिठ्ठ्या पोचवते, मागचं दार उघडते, खोकून इशारा देते. प्रेमात पडते थोरली, अंगणात खरं बोलण्याचा मान तिलाच, आणि तोवर रोज मीठ गिळलं दुसरीनं. ‘गुपित’ म्हटलं की तुम्हा सगळ्यांना रोमांच दिसतो. गुपिताला राखणदार लागतो आणि तो घरातला सगळ्यात लहान माणूस असतो, हे कुणी लिहीत नाही.

लेखिका : हे मला पटतं, आणि मी ते बदलीन. पण त्यातून तुम्ही गुपितच वाईट असा निष्कर्ष काढणार असाल तर नाही पटत. मुलीच्या आयुष्यात तिचं स्वतःचं म्हणावं असं काय असतं? कपाट आईचं, फोन सगळ्यांच्या हातात, वही धाकट्या भावानं उघडलेली. तिच्या मनातली एक गोष्ट तिनं स्वतःजवळ ठेवली तर लगेच ती अप्रामाणिक? आपल्या पेण तालुक्यात गागोदे आहे. तिथे जन्मलेले विनायक नरहर भावे 1916 च्या मार्चमध्ये, वीस वर्षांचे असताना, बडोद्याहून इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईला म्हणून निघाले. मध्येच सुरतेला उतरले आणि काशीच्या वाटेला लागले. घरी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर जाऊ दिलं नसतं. आपण त्याला वैराग्य म्हणतो, शाळेत धडा शिकवतो, आणि मलाही विनोबांबद्दल तितकाच आदर आहे. पण हेच एखाद्या मुलीनं केलं तर गावात दोनच शब्द असतात, पळून गेली. खरेपणाची मोजपट्टी मुलग्यासाठी एक आणि मुलीसाठी दुसरी असेल, तर कादंबरीत तरी मी ती मोडणार.

बाई : विनोबांचं उदाहरण तू काढलंस ते बरं झालं, फक्त पुरतं सांग. सुरतेहून त्यांनी वडिलांना पत्र लिहून कळवलं. आधी परवानगी मागितली नाही, हे खरं. पण बातमी बापाला शेजाऱ्याकडून किंवा परीक्षेच्या निकालावरून कळू दिली नाही. स्वतःच्या हातानं लिहिलं, आणि त्या पत्रानं जो राग, जे दुःख उभं राहणार होतं ते आपल्या नावावर घेतलं. मला गुपिताचं वावडं नाही. मी एवढंच विचारते, ते फोडायची वेळ आली तर कोण फोडणार आणि त्याचे परिणाम कुणाच्या अंगावर येणार? तुझी थोरली प्रकरणांमागून प्रकरणं पत्र लिहीत नाही. तिच्या वतीनं धाकटी रोज खोटं बोलते. मुलगे-मुली असा भेद मलाही मान्य नाही, पण दोघी मुलीच आहेत ना इथे? मग एकीच्या स्वातंत्र्याचं बिल दुसरीनं का भरायचं?

आणि आता तो पाण्यातला मुलगा. तू त्याचं वय तीनशे वर्षं लिहिलंयस. 2005 मध्ये ‘ट्वायलाइट’ आलं तेव्हापासून ही खोड लागली आहे, शंभरी ओलांडलेला अमर प्रियकर आणि सतरा वर्षांची मुलगी. दिसायला तो तरुण, म्हणून कुणी प्रश्न विचारत नाही. तो तिला सांगतो की हे कुणाला सांगू नकोस, सांगितलंस तर मी नाहीसा होईन. अगं, नेमकं हेच वाक्य गावातला मोठा माणूस लहान मुलीला सांगतो! ‘कुणाला सांगू नकोस.’ 2012 च्या पॉक्सो कायद्यानं अठराच्या आतल्या मुलीवर अत्याचार होतोय असं कळलं तर ते कळवणं प्रत्येकाचं कर्तव्य केलं आहे. न कळवल्याची शिक्षा मुलांना नाही, एवढी माया त्या कायद्यात आहे. तुझी धाकटी चौदाची. ती वाचणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीला तू शिकवतेस की ताईचं गुपित प्राणापलीकडे जप. ताईचा तो मुलगा चांगला निघाला, कारण तू लेखिका आहेस आणि तू त्याला चांगला काढलास. बाहेर ती सोय नाही.

लेखिका : वयाचं मी काढून टाकते, त्यावर वाद घालणार नाही. तो सतराचाच राहील, पाण्याखालीही दिवस उगवतो आणि मावळतो असं धरीन. ‘सांगितलंस तर मी नाहीसा होईन’ हे वाक्य मात्र ठेवणार आहे, आणि ते ऐकताना धाकटीच्या जिभेवर मीठ आणणार आहे. ताईला ते प्रेम वाटेल, धाकटीला कळेल की यात काहीतरी खोट आहे. अशा कादंबरीचं काम मला हेच वाटतं. कायद्याचं कलम वाचून चौदा वर्षांच्या मुलीला तो क्षण ओळखता येत नाही. गोष्टीत एकदा जिभेवर चव आली की येतो. पण बाई, मीठ आलं तर तिनं काय करायचं? आईकडे धाव घ्यायची? त्या मुलानं भीतीपोटी खोटं सांगितलं असेल, वाईट हेतूनं नाही, तर? ताईचं शिक्षण तिथेच संपेल हे तिला माहीत आहे. तुम्हीच मघाशी सांगितलंत.

बाई : म्हणून तर म्हणते, शेवट इतका गोड करू नकोस.

लेखिका : गोड नको, ठीक. पण मग काय? मी गौरीच्या कहाण्यांपाशी अडकून बसले आहे. हमरापूरला एका कारखान्यात गेले होते. फळीवर गौरीचे मुखवटे वाळत ठेवलेले, सगळे एकाच साच्यातले, नाक तेच, ओठ तेच. आखणी करणाऱ्या दादांनी जोडी समोर घेतली. दोघींचे डावे डोळे आधी काढले, मग दोघींचे उजवे. म्हणाले, एकीचे दोन्ही डोळे एकदम पुरे केले तर दुसरी वेगळी दिसते, मग जोडी लागत नाही. मी बराच वेळ बघत राहिले. आपल्याकडे त्या अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, मूळ नक्षत्रावर जातात. कुणाकडे उभ्याच्या, कुणाकडे तेरड्याच्या, कुणाकडे पुरणाचा नैवेद्य, कुणाकडे तिखटाचा. जिथे दोघी येतात तिथे बरोबर येतात, बरोबर जातात. आणि पद्मपुराणातली ज्येष्ठा आणि लक्ष्मी या दोन बहिणींची गोष्ट काय सांगते? समुद्रमंथनात ज्येष्ठा आधी वर आली, लक्ष्मी नंतर. विष्णूनं लक्ष्मीला वरायचं म्हटलं तेव्हा ती म्हणाली, थोरली बिनलग्नाची असताना मी कशी करू? म्हणून ज्येष्ठेला उद्दालक ऋषींच्या गळ्यात बांधलं. आश्रमाच्या दारात पोचल्यावर ती म्हणाली, वेदघोष आणि होमाचा धूर असलेल्या घरात मी राहू शकत नाही. मी तिथे राहते जिथे भांडण असतं. ऋषींनी तिला पिंपळाखाली बसवलं, तुझ्यासाठी जागा शोधून येतो म्हणाले, आणि परत आलेच नाहीत. ती रडत बसली. शेवटी लक्ष्मी शनिवारी तिला भेटायला येऊ लागली. मला या गोष्टीत सगळ्यात प्रामाणिक ज्येष्ठाच वाटते. मी कशी आहे हे तिनं नवऱ्याला दारातच सांगितलं. बाकी सगळ्यांनी आपापली सोय पाहिली. आणि खरं बोलणारीला आपण अवदसा ठरवून घराबाहेर ठेवलं.

बाई : हे तुला दिसलं याचा मला आनंद आहे. पण बघ, या पुराणानं तिला खोटा दिलासा दिला नाही. नवरा परत आला नाही. घर मिळालं नाही. मिळाली ती दर आठवड्याला येणारी बहीण. माझ्या मते एवढंच लिहिण्याचा अधिकार तुला आहे. थोरलीनं धाकटीला सगळं सांगावं, तिच्या तोंडातलं मीठ ओळखावं, आणि आजपासून माझ्यासाठी तू खोटं बोलायचं नाहीस असं म्हणावं. हे एका मुलीच्या हातात असतं. बापाचं मन वळवणं तिच्या हातात नसतं.

लेखिका : मी एक दुसरं प्रकरण लिहून पाहिलंय. मूळ नक्षत्राचा दिवस. गौरी विसर्जनाला निघायच्या आहेत, आई ओवशाची सुपं आवरतेय. ती धाकटीला विचारते, तुझ्या ताईचं काय चाललंय, तुला माहीत आहे ना? धाकटी म्हणते, मला माहीत आहे, पण ते मी सांगायचं नाही, ताई सांगेल. आणि वाट बघते. मीठ येत नाही. तिनं खोटं सांगितलं नाही आणि फितुरीही केली नाही. मला वाटलं, इथे मला वाट सापडली.

बाई : वाट चांगली आहे, पण तू पुन्हा आईला सोडून दिलंस. ‘मला माहीत आहे पण सांगणार नाही’ हे ऐकल्यावर ती बाई रात्रभर काय करेल? आणि त्या मुलात खरोखरच खोट असली तर? सांगायचं की नाही हे ठरवण्याचा भार अजूनही त्या चौदा वर्षांच्या पोरीवरच आहे. तू तिला खोटं बोलण्यातून सोडवलंस, ठरवण्यातून सोडवलं नाहीस.

लेखिका : मग कुणावर टाकू? घरात मोठं माणूस कोण आहे जे ऐकून घेईल आणि लगेच शिक्षा करणार नाही? तुम्हीच म्हणालात, बाप बदलेल असं लिहिणं खोटं. मग आई बदलेल असं लिहिलेलं चालेल?

बाई : आई बदलायची गरजच नाही. तुझ्या धाकटीला ही देणगी कुठून आली? तू ते लिहिलेलंच नाहीस. आईकडून आली असली तर? म्हणजे मैत्रिणीकडे गेलीय म्हटलं त्या दिवसापासून आईच्याही जिभेवर मीठ आहे. तिला सगळं ठाऊक आहे आणि ती दळण-कांडण करत काही कळत नसल्यासारखी वावरते आहे. मी अशा आया पाहिल्या आहेत. पालकसभेला येऊन मला विचारायच्या, अभ्यास बरा आहे ना? आणि त्यांच्या डोळ्यांत दुसराच प्रश्न असायचा, तो त्या तोंडावर येऊ द्यायच्या नाहीत.

लेखिका : म्हणजे आईही खोटं वागते! मग खरेपणा फक्त मुलींनीच दाखवायचा हा कुठला न्याय? तिनं एकदा म्हणावं ना, मला माहीत आहे, बैस, बोल.

बाई : म्हणेल कशी? माहीत आहे असं ती एकदा बोलली की नवऱ्याला सांगणं तिला भाग पडतं. न सांगितलं आणि उद्या त्याला कळलं तर ‘तुला माहीत होतं’ म्हणून तिचंही घरातलं स्थान जातं. कळत नाही असं दाखवूनच ती मुलीला कॉलेजची दोन वर्षं मिळवून देते आहे.

लेखिका : आणि त्या दोन वर्षांत धाकटीला वाटत राहतं की या घरात मीठ फक्त आपल्यालाच लागतं. आई गप्प राहून एकीला वाचवते, पण दुसरीला एकटी पाडते. बाई, आईनं निदान धाकटीला तरी सांगायला हवं. नवऱ्याला नको, थोरलीलाही नको. रात्री माठापाशी पोर उभी दिसली की तिच्याजवळ जाऊन म्हणावं, मलाही लागतं.

बाई : आणि मग बापापासून लपवणाऱ्या घरात तीन बायका झाल्या. तुझ्या वाचक मुलीला तू हेच शिकवणार, की खरेपणा बायकांनी आपसात वाटून घ्यायचा आणि घरातल्या पुरुषाला त्याच्या बाहेर ठेवायचं?

लेखिका : तो बाहेर आहे तो आम्ही ठेवला म्हणून, की त्यानं कधी आत येऊन विचारलं नाही म्हणून? त्याचंही प्रकरण लिहायला घेते. पण त्याला ऐकवण्याआधी आईनं धाकटीला सांगितलेलं असलंच पाहिजे, ते मी काढणार नाही.

बाई : मला ते अजून मान्य नाही. लिहून आण, मग बोलू.